आपलं बरं-वाईट येतं कुठून?

अर्धविराम

एखादी वाईट गोष्ट तुम्ही का करत नाही, असं विचारलं की बहुतेकांकडे उत्तर तयार असतं. घरचे संस्कार. कुणी धर्माचं नाव घेतं, कुणी सारासार विचाराचं. या तिन्ही उत्तरांवर माझा पुरता विश्वास बसत नाही, म्हणून हा धागा.

संस्कारांचंच घ्या. एकाच आईबापांच्या हाताखाली वाढलेली दोन भावंडं. खात्यात चुकून जास्त पैसे आले तर एक ते परत करायला धावतं, दुसरं 'चूक त्यांची, आपण काय करणार' म्हणून गप्प बसतं. विचाराचं म्हणाल तर तो बहुधा मागून येतो. मागची तारीख टाकून सही कर असं साहेबाने सांगितलं तर हात आधी थांबतो. तो का थांबला याची कारणं नंतर जुळवली जातात. जॉनथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने लोकांना असे प्रसंग ऐकवले की ज्यांत कुणाचंच नुकसान होत नाही, पण ऐकताना अंगावर काटा येतो. लोक म्हणाले, हे चूक आहे. कारणं दिली. एकेक कारण खोडलं गेलं, तरी मत जागचं हललं नाही. 'का ते सांगता येत नाही, पण चूक आहे.'

उरला धर्म. अठराव्या शतकात बेंजामिन ले नावाचा एक क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथाचा माणूस, होता. उंची चार फुटांच्या आसपास, पाठीला पोक. काही काळ बार्बाडोसमध्ये राहिला, तिथे गुलामांचे हाल जवळून पाहिले. पुढे अमेरिकेत आला तर त्याचे स्वतःचे धर्मबंधूच गुलाम बाळगून होते. १७३८ मध्ये बर्लिंग्टनला क्वेकरांची वार्षिक सभा भरली. युद्ध वर्ज्य मानणाऱ्या त्या पंथाच्या सभेत हा गृहस्थ अंगरख्याखाली लष्करी पोशाख आणि तलवार लपवून गेला. हातातलं पुस्तक आतून पोखरून त्यात लाल रसाची पिशवी ठेवलेली. गुलाम ठेवणाऱ्यांना खडे बोल सुनावून त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि रस आजूबाजूच्यांवर उडाला. पंथाने त्याला बाहेर काढलं. त्याच पंथाच्या फिलाडेल्फियातल्या सभेने १७७६ मध्ये गुलाम बाळगायलाच बंदी केली. ले तोवर वारला होता.

बायबल तेच, पंथ तोच, शिकवण तीच. तिच्यातून मालकांची नीतीही आली आणि लेचीही. मग शिकवणीने काय ठरवलं?

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याला जी नीती मिळते ती उसनी असते. ती आपली झाली की नाही हे कधी कळतं? जिथून मिळाली, त्याच घराविरुद्ध, गुरूविरुद्ध, गटाविरुद्ध ती वापरायची वेळ येते तेव्हा. बहुतेकांवर ती वेळ येतच नाही, आणि आपली नीती भक्कम आहे या समजुतीत आयुष्य निघून जातं. तुम्हाला काय वाटतं?

साधीसुधी

एवढं खोलात कशाला शिरायचं? आणलेली वस्तू सांगितलेल्या दिवसाच्या आत परत करायची, हे माझे वडील न बोलता करायचे. मीही करते. संस्कार म्हणजे प्रवचन नव्हे, रोज डोळ्यांसमोर घडणारं वागणं. भावंडांचं म्हणाल तर घर एक असलं तरी बघणारे डोळे दोन वेगळे असतात. मोठ्याने वडिलांना उमेदीत पाहिलेलं असतं, धाकट्याने थकल्यावर.

आणि 'उसनी' हा काय प्रकार आहे? मराठीही मी आईकडूनच घेतली. आईशी भांडण झाल्याशिवाय ती माझी होत नाही का?

कोरा कागद

साधीसुधी, शेवटच्या ओळीला टाळ्या. +१

रातकिडा

मूळ आई-वडिलांच्याही फार मागे आहे. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा २००३ चा कॅप्युचिन माकडांवरचा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. एकाच कामाबद्दल एका माकडाला काकडी, शेजारच्याला द्राक्ष. एरवी काकडी मुकाट्याने घेणारी माकडं ती नाकारू लागली, काही तर फेकून देऊ लागली. न्यायाची जाण ग्रंथांच्या लाखो वर्षं आधीची आहे. येल विद्यापीठात २००७ मध्ये सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना लाकडी ठोकळ्यांचा खेळ दाखवला. एक ठोकळा टेकडी चढतोय, दुसरा त्याला वर ढकलतो, तिसरा खाली लोटतो. नंतर बाळांनी बहुतांशी मदत करणाऱ्याकडे हात केला. या वयात कुठले संस्कार?

शंकेखोर

रातकिडा, दोन्ही प्रयोगांचा पुढचा भाग तुम्ही गाळलात.

बाळांचा प्रयोग अलीकडे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून, कितीतरी जास्त बाळं घेऊन पुन्हा केला. मदत करणाऱ्याकडे कल आढळला नाही, निवड जवळपास निम्मी-निम्मी झाली. याचा अर्थ बाळांना काहीच कळत नाही असा नव्हे, पण 'नीती जन्मजात आहे हे सिद्ध झालं' असं म्हणत फिरू नये.

आणि माकडांचं. ज्याला काकडी मिळाली ते चिडलं, मान्य. ज्याच्या हातात द्राक्ष पडलं त्याने काय केलं? खाल्लं. मला कमी मिळालं म्हणून राग येणं ही न्यायाची सुरुवात असेलही. मला जास्त मिळालं म्हणून अस्वस्थ होणं, ही खरी अडचणीची गोष्ट. बहुतेक माणसंही तिथे माकडासारखीच वागतात.

रातकिडा

कॅप्युचिनपुरतं खरं आहे. पण चिंपांझींमध्ये, जोडीदाराला कमी प्रतीचं मिळत असताना स्वतःचं द्राक्ष नाकारल्याची उदाहरणं २०१० च्या अभ्यासात नोंदली गेली आहेत. नेहमी नव्हे, पण आहेत. बाळांबद्दलची दुरुस्ती मान्य.

जुनं खोड

चर्चा वाचतो आहे. ईश्वराचे अधिष्ठान काढून घेतले की नीती ही केवळ सोय उरते, हे आमचे जुने मत. कोणी पाहत नसताना माणूस सरळ का वागेल? कोणीतरी पाहत आहे ही जाणीव असल्यामुळेच.

बाकी आपल्या परंपरेने हा प्रश्न आधीच हाताळला आहे. मनुस्मृतीत धर्माची चार लक्षणे सांगितली आहेत: श्रुती, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या अंतःकरणाला जे रुचेल ते. म्हणजे ग्रंथ, परंपरा, सज्जनांचे वागणे आणि आतला आवाज. धागाकर्त्याने वेगवेगळे करून फेटाळलेले सगळे एका श्लोकात एकत्र आहे.

शंकेखोर

बुवा, चार साक्षीदार चार दिशांना बोलले तर निकाल कुणी द्यायचा? पुढच्याच श्लोकात उत्तर आहे: परम प्रमाण श्रुती. म्हणजे आतल्या आवाजाला बोलावलं खरं, पण बसवलं शेवटच्या रांगेत.

'कोणीतरी पाहतंय म्हणून' यालाही माझा आक्षेप आहे. कॅमेऱ्याखाली चोरी न करणाऱ्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही, सावध म्हणतो.

अर्धविराम

जुनं खोड, तुम्ही आणलेलं उदाहरण माझ्याच बाजूला झुकतंय. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्याच ग्रंथाचं दहन झालं. हा ग्रंथ अन्यायाचा आहे हा निवाडा त्याच ग्रंथातून येऊ शकत नाही. तो मोजायचं माप बाहेरचं असावं लागतं. सॉक्रेटिसच्या तोंडी एक प्रश्न आहे: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? दुसरं खरं असेल तर पवित्र काय हे ठरवायला देव लागत नाहीत. पहिलं खरं असेल तर उद्या देवांची आवड बदलली की नीतीही बदलणार.

तुकोबांनी सत्य-असत्याच्या बाबतीत मनाला साक्षी ठेवलं आणि बहुमत मानलं नाही. आणि ते निरीश्वरवादी नव्हते.

जुनं खोड

तुकोबांचे मन विठ्ठलाने भरलेले होते. रिकामे मन साक्षीला ठेवून पाहा, काय सांगते ते! असो. वाद वाढवत नाही, वाचत राहतो.

कोरा कागद

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

खडूफळा

मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते, तेव्हा मुलांबद्दल थोडं बोलायचा हक्क आहे असं समजते.

इलियट ट्युरिएल यांच्या अभ्यासात मुलांना साधारण अशा धाटणीचे प्रश्न विचारत. 'बाईंनी परवानगी दिली तर गणवेश न घालता शाळेत आलं तर चालेल का?' मुलं म्हणतात चालेल. 'बाईंनी परवानगी दिली तर शेजारच्याला ढकललं तर चालेल का?' नाही. का नाही? 'त्याला लागेल ना.' तीन-चार वर्षांच्या मुलांनाही हा फरक करता येतो. मी वर्गात गमतीने विचारून पाहिलं, उत्तरं हीच. एकाने तर मलाच झापलं, 'बाई, तुम्ही अशी परवानगी देऊच शकत नाही.'

म्हणजे मुलांच्या लेखी दोन प्रकारचे नियम आहेत. एक मोठ्यांनी केलेला, मोठे बदलू शकतात असा. दुसरा असा की ज्यात समोरच्याचं रडणं हेच कारण आहे. हा दुसरा कुणी शिकवावा लागत नाही. ढकललं, तो रडला, दोघांनाही कळलं. मोठी माणसं पुढे काय करतात, तर पहिला प्रकार इतक्या जोराने शिकवतात की काही मुलांना दुसराही पहिल्यासारखाच वाटायला लागतो. 'ढकलू नको, बाई ओरडतील.' हे वाक्य मी शाळेत रोज ऐकते आणि दर वेळी वाटतं की आत्ता इथे काहीतरी बिघडवलं गेलं.

मानसशास्त्रज्ञ पियाजे मुलांचा गोट्यांचा खेळ बघत बसायचा (१९३२ चं लिखाण). लहान मुलांना वाटे की खेळाचे नियम वरून आलेत, बदलणं पाप. मोठी मुलं मात्र, सगळ्यांना मान्य असेल तर बदलूया म्हणत. हे शहाणपण त्यांना मोठ्यांच्या शिकवणीतून मिळालेलं नव्हतं. बरोबरीच्यांशी भांडून, तोडगे काढून ते आलं होतं. आजकाल मुलांना मोठ्यांच्या नजरेबाहेर भांडायलाच वेळ मिळत नाही, पण तो वेगळा धागा होईल.

उंटावरचा शहाणा

सगळे भावनेवर घसरलात. भावना जवळच्याकडे झुकतात. माझं मूल आणि दूरच्या देशातलं अनोळखी मूल, भावना कुणाची बाजू घेणार? म्हणून तर तर्क लागतो. तत्त्वज्ञ कांट काय म्हणतो: जो नियम सगळ्यांनी पाळावा असं तुला म्हणता येईल, त्यानेच वाग. यात 'मी' आणि 'माझे' गळून पडतात. आपली नीती अखेर विचारातूनच यायला हवी.

शंकेखोर

यायला हवी की येते? प्रश्न दुसरा आहे.

कांटचं म्हणाल, तर १९६१ मध्ये जेरुसलेमच्या खटल्यात नाझी अधिकारी आइशमन काय म्हणाला ते आठवा. आपण आयुष्यभर कांटच्या नीतितत्त्वाप्रमाणे जगलो, म्हणाला. न्यायाधीशांनी खोदून विचारलं तर तत्त्व जवळजवळ बरोबर सांगितलंही. लाखो लोकांना छळछावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला तत्त्व तोंडपाठ होतं.

उंटावरचा शहाणा

तो कांटचा दोष नाही. आइशमनने तत्त्वातला स्वतःचा विचार काढून तिथे वरिष्ठांची आज्ञा बसवली. वैद्यकाचं पुस्तक पाठ करून कुणी विष पाजलं तर वैद्यक खोटं ठरतं का?

रातकिडा

तर्क आणि भावना असं तोडता येत नाही. १९९९ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ डमासिओंच्या गटाने अशा दोन माणसांबद्दल लिहिलं, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला वयाच्या सोळा महिन्यांच्या आत इजा झाली होती. बुद्धी ठीकठाक. पण मोठेपणी खोटं, चोरी, बेफिकिरी, पश्चात्ताप नाही. लक्षात घेण्याजोगं असं की तशीच इजा प्रौढपणी झालेली माणसं वागण्यात घसरली तरी योग्य काय ते सांगू शकत. या दोघांना तेही नीट जमेना. दोनच माणसांवरून फार मोठं काही म्हणू नये (शंकेखोर लिहायच्या आत मीच लिहितो). पण चटका बसल्याशिवाय नियम शिकताच येत नाहीत असं काहीसं दिसतं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. बरीच वर्षं असाध्य आजारांच्या वॉर्डात काढली. इथे संस्कार, धर्म, तर्क यांवर लिहून झालं, कामाबद्दल कुणी बोललंच नाही.

नातेवाईक बाहेर गाठतात आणि म्हणतात, 'सिस्टर, त्यांना सांगू नका, ते खचतील.' आत पेशंट विचारतो, 'सिस्टर, काय आहे मला?' माझ्या घरची शिकवण होती, कुणाचं मन दुखवू नये. प्रशिक्षणात शिकवलं, माहिती हा रुग्णाचा हक्क आहे. दोन्ही शिकवण्या चांगल्या, आणि त्या दारात उभं राहिलं की दोन्हींचा उपयोग शून्य. एकीने गेलं तर खोटं बोलायचं, दुसरीने गेलं तर कुणी मागितलं नसताना निकालपत्र वाचून दाखवायचं.

एका वयस्क सहकारी सिस्टरला मी बघत असे. तिला पेशंटने विचारलं की ती खुर्ची ओढून बसायची आणि उलट विचारायची, 'तुम्हाला काय वाटतंय?' बहुतेकांना कळलेलं असायचं. काही जण सगळं बोलून टाकत. काही म्हणत, 'जाऊ दे, मुलाशी बोला.' आणि एखादा म्हणे, 'मला सगळं सांगा, पण बायकोला मी सांगेन.' मग ती डॉक्टरांना जाऊन सांगायची की या माणसाला एवढं एवढं हवंय. किती कळायला हवं हे ज्याचं त्यालाच विचारायचं, ही गोष्ट मला कुठल्या वर्गात मिळाली नाही. तिचं पाहून ती माझ्यात आली. आता माझ्याबरोबर नवीन मुली असतात, त्या माझं बघतात.

ती स्वतः कुठून शिकली असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, 'कुणास ठाऊक, पाय दुखायचे म्हणून बसायला लागले.'

कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या आम्हाला अभ्यासाला होत्या, वर चढत जायचं आणि टोकाला तत्त्वं. कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये त्यावर आक्षेप घेतला की या शिडीत, समोरच्याची काळजी घेत निर्णय करणाऱ्यांना, विशेषतः बायकांना, खालच्या पायरीवर बसवलं जातं. परीक्षेत मी दोन्ही लिहिलं. वॉर्डात गिलिगन जास्त उपयोगी पडली.

साधीसुधी

रात्रपाळी, पाय दुखायचे म्हणून! हसू की रडू कळेना. पण बघा, तुमच्या सिस्टरचं 'डोळ्यांसमोरचं वागणं' हेच मी वर म्हटलं होतं.

शंकेखोर

ती सिस्टर बसली कारण तिला बसायला वेळ होता. हेच माझं म्हणणं.

डार्ली आणि बॅटसन, १९७३. धर्मोपदेशक होऊ पाहणारे विद्यार्थी. काहींना संकटात सापडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाच्या बोधकथेवर भाषण द्यायचं होतं, काहींना दुसऱ्या विषयावर. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यापैकी १० टक्के थांबले. मध्यम घाईतले ४५ टक्के, निवांत असलेले ६३ टक्के. त्याच बोधकथेवर बोलायला निघाल्याने फारसा फरक पडल्याचं दिसलं नाही. धर्म तोच, संस्कार तेच. घड्याळाने माणसं निवडली.

त्याआधी १९२८ ते १९३० च्या सुमारास हार्टशॉर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडीची संधी देऊन पाहिलं. एका ठिकाणी प्रामाणिक असलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी असेलच याचा भरवसा फार कमी. 'आपली नीती' नावाची काही गोष्ट आत ठेवलेली असते, हे गृहीतकच मला संशयास्पद वाटतं.

अर्धविराम

घाईत ९० टक्के पुढे गेले हे खरं. १० टक्के थांबले हेही खरं, आणि मला कुतूहल त्यांचं आहे. तुम्ही 'परिस्थिती' म्हणून प्रश्न मिटवता, मग ते का थांबले?

मिलग्रॅमच्या प्रयोगाचा एक उपप्रकार यात भर घालतो. मूळ प्रयोगात दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला सांगत (झटके खोटे, पण देणाऱ्याला खरे वाटणारे). आज्ञेवरून ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. दुसऱ्या एका प्रकारात शेजारी दोन साथीदार बसवले आणि ते मध्येच 'आम्ही नाही करणार' म्हणून उठले. तेव्हा ४० पैकी ४ जण शेवटपर्यंत गेले. नवा उपदेश कुणी केला नव्हता, ग्रंथ कुणी वाचून दाखवला नव्हता. 'नाही' म्हणता येतं एवढंच दिसलं. म्हणजे नीती आत होती, पण तिला बाहेर पडायला दुसऱ्या कुणाचा नकार लागला. लेबद्दलही आता मी थोडं वेगळं म्हणेन. तो एकटा शहाणा होता यापेक्षा, त्याने इतरांना 'नाही' दाखवलं हे मोठं.

उंटावरचा शहाणा

मग तुमच्या मूळ सिद्धांताचं काय झालं? 'गटाविरुद्ध वापरली की आपली' म्हणत होतात. इथे तर माणसं नव्या गटाच्या मागे गेली.

अर्धविराम

दोन माणसं म्हणजे गट म्हणायचा तर हो. पण आज्ञा देणारा समोर उभाच होता. दोन माणसांचा आधार घेऊन त्याला नकार देणं हे मी अनुकरणात जमा करणार नाही.

खडूफळा

सॅम्युअल आणि पर्ल ऑलिनर यांचा अभ्यास (१९८८) इथे यायला हवा. नाझींच्या काळात जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवणाऱ्यांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या आणि त्यांची तुलना त्याच देशांतल्या, तसं न करणाऱ्यांशी केली. वाचवणाऱ्यांच्या लहानपणाबद्दल जे निघालं ते मला शिक्षिका म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या घरी मारझोड कमी होती आणि समजावून सांगणं जास्त. तू हे केलंस म्हणून त्याला काय झालं, हे बोललं जायचं. आणि 'आपली माणसं' या कुंपणाच्या आत बरीच माणसं मोजली जायची.

साधीसुधी

म्हणजे शेवटी संस्कारच! बसा आता सगळे खाली.

शंकेखोर

ताई, जरा थांबा. मुलाखती चाळीसेक वर्षांनंतरच्या आहेत. म्हातारपणी आईवडील सगळ्यांनाच समजूतदार आठवतात.

आणि त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. वाचवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पहिली मदत आपणहून केलेली नव्हती. कुणीतरी येऊन विचारलं, मग केली. कधी खुद्द लपायला जागा शोधणाऱ्याने, कधी मधल्या माणसाने. विचारलं नसतं तर यातले कितीतरी जण आयुष्यभर सामान्य, निरुपद्रवी नागरिक म्हणून जगले असते, आणि आज आपण त्यांच्या आईवडिलांच्या संगोपनाबद्दल बोलत नसतो.

अर्धविराम

नाही म्हणणाऱ्यांनाही विचारलं गेलं असेल.

शंकेखोर

गेलंच असेल. पण सरसकट सगळ्यांना नाही.

रात्रपाळी

तेच लिहायला आले होते. वॉर्डातही पेशंट मनातला प्रश्न प्रत्येक सिस्टरला विचारत नाही. औषध द्यायला चार जणी येऊन जातात, आणि प्रश्न पाचवीसाठी राखून ठेवलेला असतो. कुणाला विचारायचं हे त्याला कशावरून कळतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या काळात दार ठोठावणाऱ्यांनी दारं कशी निवडली, यावर कुणी वाचलं असेल तर इथे लिहा.